डेन्ट्रीच्या वर्षावनातून, लो रेंजमध्ये

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळ्याची सुट्टी अशी लांबलेली असल्यामुळे २०२३ च्या जून महिन्यात आम्हाला ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या डेन्ट्रीच्या वर्षावनात सहकुटुंब, स्वतः गाडी चालवत आणि तंबूत मुक्काम करत फिरता आले. त्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असतो आणि साधारण त्याच काळात समुद्राच्या उथळ पाण्यात विषारी बॉक्स जेलीफिशचा वावर असतो. मे ते सप्टेंबर हे महिने त्यातल्या त्यात कोरडे असतात आणि कच्चे रस्तेही याच महिन्यांत वाहतुकीला बरे असतात. आम्ही पाच जण होतो: मी, माझे पती, नववीत जाणारी मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना न्यावे की नाही यावर घरात बराच विचार झाला. त्यांनी मात्र आयुष्यभर नवेगाव, नागझिरा आणि पेंचची जंगले पाहिलेली असल्यामुळे हे रान पाहायचेच असे ठरवून टाकले होते.

आमच्या भागातले जंगल पानगळीचे आहे. साग, ऐन, तेंदू, मोह ही झाडे उन्हाळ्यात बहुतांशी उघडी पडतात आणि मे महिन्यात पेंचमध्ये दूरवरचा पाणवठाही झाडांच्या फांद्यांमधून दिसतो. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. डेन्ट्रीतल्या केप ट्रिब्युलेशन या भूशिराच्या परिसरात तो सरासरी ४००० मिलिमीटरच्या घरात जातो. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे किनाऱ्यालगतच उभ्या असलेल्या डोंगरांना अडतात आणि त्यातल्या थॉर्नटन शिखरावर, ज्याची उंची १३७४ मीटर आहे, जवळजवळ कायम ढग बसलेले असतात. त्यामुळे डोंगरमाथ्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत सलग सदाहरित वन टिकून आहे आणि समोरच्या पाण्यात ग्रेट बॅरियर रीफची प्रवाळे आहेत. रीफ १९८१ मध्ये आणि हे वर्षावन १९८८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. अशी दोन स्थळे एकमेकांना टेकलेली पाहायला मिळतात ती इथे.

गाडी चालवण्याची तयारी नागपुरातच करायची असे मी ठरवले होते. माझ्या धाकट्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि बागेपर्यंत जाणारा पांदण रस्ता काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात त्या चिखलात साधी गाडी दहा पावलेही जात नाही, म्हणून त्याने फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, घेतलेली आहे. आदल्या पावसाळ्यात त्याने मला आणि माझ्या पतींना त्या रस्त्यावर उतरवले. "ताई, लो रेंज गाडी पळवायला नसते. गाडी हळू चालावी म्हणून असते," हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले आणि पुढच्या साऱ्या प्रवासात ते एक वाक्य आम्हाला पुरले. लो रेंजमध्ये गिअरचे प्रमाण बदलते, चाकांना जोर अधिक मिळतो आणि वेग कमी राहतो. उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनच गाडी धरून ठेवते. निसरड्या उतारावर ब्रेक दाबला तर चाके अडकतात आणि गाडी घसरू लागते, ही गोष्ट वाचून पटत नाही, ती नाल्याच्या काठावरून गाडी उतरवताना अंगाला कळावी लागते.

कागदपत्रांचे काम किचकट नव्हते, पण त्यात टाळाटाळ चालत नाही. आमचे वाहन परवाने इंग्रजीत होते, तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. भारतासारखेच तिथेही डाव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे नव्या सवयीचा प्रश्न आला नाही. खरी चौकशी गाडीच्या कराराची करावी लागली. नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यांना मनाई असते आणि तिथे नेलेल्या गाडीचा विमा लागू होत नाही. म्हणून केप ट्रिब्युलेशनच्या पुढे जाणाऱ्या ब्लूमफील्ड ट्रॅक या कच्च्या रस्त्याचे नाव घेऊन लेखी परवानगी देणारा व्यावसायिक आम्ही शोधला आणि चालक म्हणून आम्हा दोघांची नावे करारात घातली. डिझेलची गाडी, इंजिनाला हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नेलेली नळी (स्नॉर्केल), टायरमधली हवा मोजायचे आणि भरायचे साहित्य, ओढायचा पट्टा, इतर गाड्यांशी बोलण्यासाठी यूएचएफ रेडिओ आणि मुलासाठी बूस्टर सीट एवढे सगळे त्यात मिळाले. सात वर्षांखालच्या मुलाला अशा आसनाशिवाय गाडीत बसवणे तिथे कायद्याने चालत नाही.

ऑस्ट्रेलियात उतरताना सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ आणि वापरलेले तंबूचे सामान विवरणपत्रात दाखवावे लागते, कारण बाहेरची माती, बी-बियाणे आणि रोगजंतू देशात येऊ नयेत याबद्दल ते अत्यंत काटेकोर आहेत. आम्ही दुधाचे पदार्थ नेलेच नाहीत. काटोलच्या बागेत सराव केलेल्या तंबूच्या खुंट्यांना काळी माती चिकटलेली होती. ती मुलीने जुन्या टूथब्रशने घासून काढली आणि बुटांचे तळवेही तसेच धुतले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पिशवी उघडून नेमक्या त्या खुंट्या आणि बुटांचे तळवेच निरखून पाहिले आणि आम्हाला जाऊ दिले.

सिंगापूर आणि ब्रिस्बेन करून आम्ही केर्न्सला पोहोचलो. तिथे भारतीय किराणा मिळतो. तांदूळ, डाळी, बेसन आणि तेल तिथेच घेतले.

केर्न्सहून उत्तरेकडे समुद्राला लागून जाणारा रस्ता मॉसमन गावावरून डेन्ट्री नदीपाशी येतो. मॉसमनला डिझेलची टाकी पूर्ण भरून घ्यावी, कारण नदीपलीकडे पंप मोजके आहेत आणि दर चढे. नदीवर पूल नाही; लोखंडी दोरांवर ओढली जाणारी फेरी गाड्यांना काही मिनिटांत पलीकडे नेते. नदीच्या उत्तरेला विजेच्या तारांचे जाळे पोहोचलेले नाही आणि तिथली वस्ती सौरऊर्जा व जनरेटरवर राहते. फेरीतून उतरताच दोन्ही बाजूंची झाडे रस्त्यावर मिटली आणि भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. तिथून केप ट्रिब्युलेशनपर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटर डांबरी रस्त्याचे आहेत, तरीही वेग कमी ठेवावा लागतो, कारण उडता न येणारे मोठे कॅसोवरी पक्षी केव्हाही रस्ता ओलांडतात.

आमचा मुक्काम नोहा बीचवर होता. राष्ट्रीय उद्यानातल्या या तळाचे आरक्षण आधी करावे लागते आणि आरक्षणाचा क्रमांक तंबूवर दिसेल असा लावावा लागतो. तळ समुद्रापासून थोडा आत, उंडीच्या आणि इतर मोठ्या झाडांच्या सावलीत आहे. उंडी म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचीच उंडी. सासूबाईंनी तिची गोल फळे खाली पडलेली पाहिली आणि झाड ओळखले. तळावर शौचालय आहे, पण शेकोटीला मनाई आहे आणि पिण्याचे पाणी सोबत न्यावे लागते. आम्ही एका शेगडीच्या छोट्या गॅसवर स्वयंपाक करत होतो. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी गोळाभात केला. हिंगाची फोडणी तडतडू लागली तशी झाडांवरून थेंब पडायला सुरुवात झाली. कोरड्या हंगामातही तिथे दिवसाकाठी एखादी सर येतेच, आणि ती थांबल्यावरही पानांवरून बराच वेळ पाणी गळत राहते.

तंबूच्या बाबतीत या पाण्याचाच हिशेब मुख्य असतो. तंबूवर वेगळी ताडपत्री बांधावी, तिचा उतार एकाच बाजूला ठेवावा आणि पाणी पडेल ती जागा गाडीपासूनही दूर असावी. तंबूचे आतले कापड भिजल्यावर त्याला हात किंवा अंथरूण टेकले की तिथून पाणी झिरपू लागते, म्हणून सामान मध्यभागी ठेवावे. ओले कपडे तिथे दिवसभरात वाळत नाहीत. प्रत्येकाचा एक कोरडा जोड झोपण्यापुरता राखून ठेवलेला बरा. खाण्याचे सगळे सामान रात्री गाडीत कुलूपबंद ठेवावे लागते. तिथले पांढऱ्या शेपटीचे मोठे उंदीर प्लास्टिकचे डबे सहज कुरतडतात आणि दिवसा घोरपडी तळावर फिरतात. मगरींमुळेही खरकटे आणि मासळीचे तुकडे उघड्यावर टाकायला सक्त मनाई आहे.

मगरीची गोष्ट मुलांना आम्ही नागपुरातच नीट समजावून सांगितली होती. खाऱ्या पाण्यातली ही मगर समुद्रात, खाडीत आणि गोड्या पाण्याच्या ओढ्यातही असते. पाण्याच्या कडेपासून निदान पाच मीटर दूर राहायचे, एकाच ठिकाणी रोज पाण्यावर जायचे नाही आणि तंबू पाण्यापासून पन्नास मीटरच्या आत लावायचा नाही, हे नियम तिथे जागोजागी फलकांवर लिहिलेले आहेत. समोर निळेशार पाणी असताना मुलाला त्यात पाय घालू न देणे मला जड गेले. त्याचे समाधान वाळूने केले. ओहोटीच्या वेळी तिथले इवलेसे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातले खाद्य शोषतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती मांडत जातात. बिळापासून निघणाऱ्या सरळ वाटा आणि त्यांच्या दोन्ही कडांना लागलेल्या गोळ्यांच्या रांगा पाहत मुलगा पोटावर पडून राहिला होता. सावली पडली की सगळे खेकडे आत, आणि तो स्थिर राहिला की एकेक करून पुन्हा बाहेर.

रात्री तळाजवळ केशरी पायांच्या रानकोंबड्यांचा मोठा कलकलाट चाले. हे पक्षी पालापाचोळा आणि मातीचा प्रचंड ढीग रचून त्यात अंडी घालतात आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेने ती उबतात. असा एक ढीग आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. तो माझ्या छातीपर्यंत होता.

जंगल आतून पाहण्यासाठी मार्जा आणि दुबुजी इथे लाकडी पायवाटा आहेत. त्या जमिनीपासून थोड्या वर असल्यामुळे सासूबाईंना चालायला सोप्या गेल्या आणि मुळे तुडवली जात नाहीत हेही चांगले. पायवाट सुरुवातीला पंख्याच्या आकाराच्या पानांच्या ताडांमधून जाते आणि शेवटी कांदळवनात संपते. वाटेवरची वेताची एक जात मुलीच्या बाहीत अडकली. तिच्या लांब दोऱ्यावर उलटे आकडे असतात, पुढे ओढले की ते अधिक रुततात, म्हणून थांबून मागे सरकावे लागते. हृदयाच्या आकाराच्या, बारीक केसांच्या पानांचे गिंपी नावाचे झुडूप मात्र आम्ही मुलांना दुरूनच दाखवले. त्याचे काचेसारखे सूक्ष्म केस कातडीत घुसतात आणि वेदना अनेक आठवडे परतत राहू शकतात. ते उजेड मिळणाऱ्या जागी, रस्त्याच्या कडेला उगवते, त्यामुळे गाडीतून उतरताना पाहूनच पाय टाकावा.

इथल्या काही वनस्पतींचे वंश फुलझाडांच्या आरंभकाळापर्यंत मागे जातात. इडिओस्पर्मम नावाचे झाड नामशेष झाले असेच मानले जात होते. १९७१ मध्ये डेन्ट्री भागातल्या एका शेतकऱ्याच्या गुरांना विषबाधा झाली, त्यांच्या पोटात अनोळखी बिया सापडल्या आणि त्या बियांवरून हे झाड पुन्हा हाती लागले. एवढ्या जड बिया दूरवर नेण्याचे काम आज कोण करत असेल, असे मुलीने विचारले. तशा बहुतेक मोठ्या फळांसाठी त्याचे उत्तर पायवाटेवरच पडलेले होते: कॅसोवरीची विष्ठा, जांभळट रंगाची, फळांच्या साली आणि अख्ख्या बियांनी भरलेली. मुलीने काडीने त्या बिया वेगळ्या करून पाहिल्या आणि तीन-चार निरनिराळ्या आकारांच्या बिया ओळीने मांडल्या. प्रत्यक्ष पक्षी आम्हाला रस्त्यावर भेटला. निळी मान, डोक्यावर शिंगासारखे कवच, माणसाएवढी उंची. मी गाडी थांबवून इंजिन बंद केले. तो आपल्या चालीने रस्ता ओलांडून झाडीत शिरेपर्यंत कोणीही दार उघडले नाही. या पक्ष्यांमध्ये अंडी उबवण्यापासून पिल्ले वाढवण्यापर्यंतचे काम नर करतो, हे ऐकून सासूबाईंनी त्याला मनोमन हात जोडले.

केप ट्रिब्युलेशनला डांबर संपते आणि ब्लूमफील्ड ट्रॅक सुरू होतो. वुजल वुजल या वस्तीपर्यंतचे हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. हा रस्ता सहजासहजी झालेला नाही. १९८३ च्या डिसेंबरमध्ये बुलडोझर इथे आले तेव्हा वनरक्षणासाठी आलेली माणसे झाडांना साखळ्यांनी बांधून घेऊन आणि गळ्यापर्यंत मातीत पुरून घेऊन त्यांच्या वाटेत राहिली. १९८४ मध्ये रस्ता पुढे रेटला गेला, पण त्या प्रतिकारामुळे या वनाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले आणि राज्य सरकारचा विरोध असतानाही चार वर्षांनी ते जागतिक वारशात आले. ज्या रस्त्याला त्या लोकांनी विरोध केला त्यावरूनच आम्ही हे वन पाहत होतो. ही जाणीव मला पूर्ण वेळ होती, आणि ठरलेली वाट सोडून कडेच्या झाडीत चाक जाऊ द्यायचे नाही, हे आम्ही दोघांनी कटाक्षाने पाळले.

सुरुवातीलाच टायरमधली हवा ३६ वरून २६ पीएसआयपर्यंत उतरवली. हवा कमी केली की टायर जमिनीवर अधिक पसरतो, दगडांवर पकड सुधारते आणि धक्केही कमी बसतात. मग रेडिओ ४० क्रमांकाच्या वाहिनीवर ठेवला. अरुंद वळणापलीकडून येणाऱ्या गाड्या त्यावर आपली जागा सांगतात. थोड्याच वेळात एमॅजेन ओढा आला. पूल नाही. पाण्यात उतरून खोली मोजायची सवय आपल्याकडे आहे, पण मगरींच्या प्रदेशात तसे करता येत नाही. आम्ही काठावर थांबून राहिलो. पलीकडून एक स्थानिक गाडी आली, तिच्या चाकांच्या मध्यापर्यंत पाणी चढले आणि ती कोणत्या बाजूने आली हे नीट पाहून घेतले. लो रेंज, दुसरा गिअर, काचा खाली, आणि एकदा पाण्यात उतरल्यावर ना थांबायचे ना गिअर बदलायचा. चालण्याच्या वेगाहून किंचित अधिक वेग ठेवला की गाडीपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनजवळचे पाणी खाली राहते; घाई केली की तीच लाट बॉनेटवर येते. तळाचे गोटे चाकाखाली सरकल्याचा आवाज आत स्पष्ट येत होता. "हळू चालव गं, आपली काही गाडी सुटून नाही राहिली," असे सासूबाई मागून म्हणाल्या. पलीकडे चढल्यावर ब्रेक हलके दाबून कोरडे करून घेतले.

त्यानंतर डोनोव्हन आणि काउई या दोन डोंगररांगा लागतात. काही ठिकाणी चढ ३३ टक्के आहे. म्हणजे तीन मीटर पुढे जाताना एक मीटर वर. चढाच्या तोंडाशी समोर नुसते आकाश आणि बॉनेट दिसते, रस्ता दिसत नाही. त्यामुळे माथ्यावरून कोणी येत नाही ना हे आधी रेडिओवर विचारून घ्यायचे आणि मगच चढायला लागायचे. मध्ये चाके फिरू लागली तर जोर वाढवायचा नाही. सरळ मागे, त्याच रेषेत, रिव्हर्स गिअरमध्येच उतरायचे. वळून उतरण्याचा प्रयत्न केला तर गाडी आडवी होऊन उलटू शकते. काउईचा उतार माझ्या वाट्याला आला. पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, फक्त स्टिअरिंग हातात. गाडी इंजिनच्या जोरावर गुरगुरत इतकी सावकाश उतरत होती, की मुलीला कडेच्या झाडावरच्या नेच्यांचे झुबके पाहून मोजता आले. काटोलच्या नाल्यावर शिकलेले सारे तिथे कामी आले. पुढे वूबाडा नदीचा उथळ ओलांडा आमच्या पतींनी पार केला.

वुजल वुजल ही कुकू यलंजी लोकांची वस्ती आहे. हे लोक या वनाचे मूळ रहिवासी असून सप्टेंबर २०२१ मध्ये डेन्ट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी त्यांच्याकडे परत देण्यात आली. त्या वस्तीतून जाताना वेग कमी ठेवावा, परवानगीवाचून माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि धबधब्याकडे जाताना तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे हे ध्यानात ठेवावे. ब्लूमफील्ड नदीवर पूल आहे. पुढे हेलनव्हेलपासून काळ्या प्रचंड शिळांच्या ब्लॅक माउंटनवरून कुकटाउन या गावी पोहोचलो. जून १७७० मध्ये जेम्स कुकचे एंडेव्हर जहाज प्रवाळावर आदळले आणि दुरुस्तीसाठी सुमारे सात आठवडे तिथल्या नदीत थांबले. आपल्या संकटांना जिथून सुरुवात झाली त्या भूशिराला त्याने ट्रिब्युलेशन, म्हणजे संकट, हे नाव दिले. परतीला आम्ही ट्रॅक टाळून लेकलँड आणि मारीबावरून जाणारा आतला डांबरी रस्ता धरला. टायरची हवा तत्पूर्वी पुन्हा भरली आणि गाडीचा खालचा भाग पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतला, कारण चाकांना लागलेल्या चिखलातून बुरशी आणि तणांच्या बिया दुसऱ्या वनात जातात.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला जॅस्पर चक्रीवादळ वुजल वुजलजवळ किनाऱ्यावर आले. त्यानंतरच्या अतिवृष्टीत नदीला अभूतपूर्व पूर आला, वस्तीतल्या लोकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले आणि दरडींनी ट्रॅकचे मोठे नुकसान झाले. म्हणून आता जाणाऱ्यांनी आधी क्वीन्सलँडच्या शासकीय वाहतूक संकेतस्थळावर ट्रॅक खुला आहे का आणि राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर नोहा बीचचा तळ सुरू आहे का, हे दोन्ही पाहावे आणि मगच विमानाची तिकिटे काढावीत. ट्रॅक बंद असला तरी फेरीपासून केप ट्रिब्युलेशनपर्यंतचा भाग साध्या गाडीनेही पाहता येतो, आणि कुकटाउनला आतल्या रस्त्याने जाता येते. फोर बाय फोरचा सराव नसलेल्यांनी हाच मार्ग धरावा. लहान मुले आणि वडीलधारी माणसे सोबत असतील तर नक्कीच.